सहा दहाची बस

शेवटच्या थांब्यावर माणूस असेलच असं नाही.
क्रेट असतात.
निळे, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या,
वर ओलं फडकं, फडक्यावर दगड,
दगडाखाली चिठ्ठी :
"किनुए. वांगी चोवीस, हिरव्या मिरच्या दहा पुड्या.
काकड्या वाकड्या आहेत, पण आज पहाटेच्या."

मी हँडब्रेक ओढतो, खाली उतरतो,
एकेकाला उचलून सीटवर बसवतो.
सावलीची बाजू पालेभाजीला, तिचा जीव लगेच जातो.
अंडी माझ्या पाठीमागे,
म्हणजे वळणावर मला त्यांची भीड पडते.
एका क्रेटचं तिकीट ऐंशी येन.
किनुए म्हणते, नातवंडांपेक्षा हे बरे,
घाटात ओकत नाहीत.

एकेचाळीस वळणं.
देवदाराच्या रांगेपाशी तोकुजी, मधाच्या चार बाटल्या,
हात सुजलेला, विचारलं तर म्हणतो, माशीची चूक नव्हती.
पुलाजवळ मासुए, टोफूचा डबा मांडीवर,
ती मात्र स्वतः येते,
टोफू एकटा पाठवायचा पदार्थ नाही म्हणते.
शिकोकूच्या या कुशीत पूर्वी बस भरून मुलं उतरायची.
शाळा बंद पडली. दर गुरुवारी
तिच्याच पटांगणात बाजार भरतो, पहिलीच्या बाकांवर.
बाकं बुटकी,
त्यामुळे घेणाऱ्याला आधी वाकावं लागतं.

खालच्या खाणावळीची मालकीण एकदा म्हणाली,
सुपरमार्केटमधल्या काकड्या बघा, पट्टीनं आखल्यासारख्या.
मासुएनं टोफूवरची सुरी न उचलता विचारलं,
"पोटातली आतडी सरळ आहेत का तुझी?"
मालकिणीनं सगळ्या काकड्या घेतल्या.
तेव्हापासून दर गुरुवारी घेते, आणि दर गुरुवारी कुरकुरते.

संध्याकाळी क्रेट परत वर जातात.
भरून आलेलं भांडं रिकामं धाडू नये,
हे इथे कुणी कुणाला शिकवलेलं मी ऐकलं नाही.
पण किनुएच्या क्रेटमध्ये कधी सुकट,
कधी गुडघ्याला लावायच्या पट्ट्या, रेडिओचे सेल,
एकदा फक्त वर्तमानपत्राचं पान,
त्यातलं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं,
उरलेलं तिच्यासाठी.

मागच्या महिन्यात जिल्हा कचेरीचा माणूस आला.
त्सुबोउची. कोवळा, इस्त्रीचा.
हातात टकटक करणारं मोजयंत्र.
"प्रवासी किती?"
मासुए, आणि तुम्ही.
त्यानं स्वतःला धरलं नाही. टक्. एक.
"आणि हे?" अकरा क्रेट.
त्यानं कागद उलटापालटा केला.
क्रेटांसाठी रकाना नव्हता.
"रकाना नाही," तो म्हणाला,
जणू बसच नाही.

मी काही बोललो नाही. घाट उतरताना बोलत नाही मी.
बाजारात तो तासभर उभा होता,
मोजत होता बहुतेक, पण काय, कळेना.
परतीला त्याच्या हातात मिरच्यांची पुडी होती,
किनुएची, शंभर येनची.
या मिरच्या गोड असतात. दहांत एक सोडून.
ती एक कुठली, ते बाहेरून कळत नाही,
किनुएलाही नाही, साठ वर्षं लावतेय ती.

एक कच्चीच खाल्ली त्यानं, मग दुसरी.
सतराव्या वळणावर आरशात पाहिलं तर
कान लाल, रुमाल तोंडाशी,
मासुए त्याच्या पाठीवर थोपटतेय
आणि डब्यातला उरलेला टोफू बोटानं त्याच्या तोंडात घालतेय,
चिमण्या पोराला भरवावं तसा.

निर्णय अजून आलेला नाही.
बस पुढच्या एप्रिलात असेल की नाही, मला ठाऊक नाही.
तो रडला, एवढं मी पाहिलं.
मिरचीनं. दुसरं काही मी म्हणत नाही.

आज थांब्यावर एकच क्रेट होता.
तीन वांगी. चिठ्ठी :
"आज गुडघ्यांनी सुट्टी घेतली. तरी तू ये."
मी ऐंशी येन खिशातून टाकले,
वांग्यांना खिडकी दिली,
आणि सहा दहाला, बरोबर सहा दहाला,
बस सोडली.